खाली दुकान, वर बिऱ्हाड

वाचकाचं पत्र

"बडोद्यात दांडिया बाजारात लकडी पुलाच्या बाजूला आमचं जुनं घर आहे, दिरांबरोबर सामाईक. हे निवृत्त होऊन चार वर्षं झाली. सासूबाई ८७ वर्षांच्या. मोरी-संडास खाली, झोपायचं वर, आणि मधला जिना दिवसेंदिवस उभा होत चाललाय. मुलगा बेंगळुरूहून रोज रात्री फोनवर एकच सांगतो, पूल ओलांडून अकोट्याच्या अंगाला नवा टॉवर होतोय, तिथे फ्लॅट घ्या. खालचे तीन मजले दुकानं, दवाखाने, ऑफिसं. त्यावर अकरा मजले फ्लॅट. औषध, दूध, बँक, सगळं लिफ्टने खाली उतरलं की हजर. १६५० फूट, ८२ लाख, ताबा अडीच वर्षांनी. दलाल म्हणतो, बुलेट ट्रेनचं स्टेशन जवळ येतंय, दसऱ्याच्या आत एक लाख टोकन देऊन टाका. फ्लॅट छान आहे. पण दुकानांच्या डोक्यावर झोपायचं हे मनाला पटत नाही. हे माझं जुनाट मन बोलतंय, की त्यात काही तथ्य आहे? आणि सासूबाईंना आताच सांगावं, की सगळं ठरल्यावर?"

दांडिया बाजारातील एक वाचक

ताई,

तुमचं मन जुनाट असतं, तर उलट दुकानावरचं घर त्याला ओळखीचं वाटलं असतं. रावपुऱ्यात, मांडवीच्या चारी दरवाजांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पिढ्यान् पिढ्या लोक असेच राहिले. खाली पेढी, वर बिऱ्हाड. खाली कापडाचं ठाण उलगडल्याचा आवाज, वर कुकरची शिट्टी. बिल्डरच्या पुस्तिकेत आता तेच 'मिक्स्ड यूज' म्हणून छापून येतं आणि फुटामागे हजार रुपये जास्त सांगतं.

मग तेव्हा जे चाललं ते आता का खटकतं? मी बँकेत तीसेक वर्षं गृहकर्जाच्या फायली वाचल्या, त्यातून मला एवढंच कळलं: रावपुऱ्यातला खालचा दुकानदार एकतर घरमालक स्वतः होता, नाहीतर त्याचा भाडेकरू. वरच्या बाईला आवाजाचा त्रास झाला तर ती जिन्यातून हाक मारायची, आणि रात्री नऊला फळ्या लागायच्या, कारण त्यालाही वरच झोपायला जायचं असायचं. टॉवरमधल्या दुकानाचा मालक आणंदला राहतो किंवा अमेरिकेत. त्याने गुंतवणूक म्हणून गाळा घेतला, अकरा महिन्यांच्या करारावर कुणाला तरी दिला, आणि त्या कुणाला तरी तुम्ही कोण हे ठाऊकही नसतं. तुम्हाला जे पटत नाहीये ते हेच असावं.

म्हणून माझं म्हणणं असं की फ्लॅट बघणं आता पुरे. खिडकी, टाइल्स, मॉड्युलर किचन हे सगळं तुम्ही पाहिलंत आणि ते छान असणारच, नमुन्याचा फ्लॅट छान दिसावा म्हणूनच बांधतात. आता दुकानं बघा. कागदावर बघा.

माझंच सांगतो. सात वर्षांपूर्वी मीही असाच फ्लॅट घेतला, दुसऱ्या एका भागात. खाली औषधांचं दुकान आणि एक चष्म्यांचं. मला वाटलं, म्हातारपणाची यापेक्षा चांगली सोय ती काय! दीड वर्षात चष्मेवाला गेला आणि तिथे हॉटेल आलं. भटारखान्याचा धूर बाहेर टाकणारा पत्र्याचा पाइप त्यांनी माझ्या झोपायच्या खोलीच्या खिडकीशेजारून वर नेला. रात्री साडेअकरापर्यंत पंख्याची घरघर आणि लसणाच्या फोडणीचा वास. मी, बँकेत लोकांना कागद वाचायला शिकवणारा माणूस, माझं स्वतःचं बानाखत, म्हणजे बिल्डरशी झालेला खरेदीचा करार, काढून बसलो तर त्यात दुकानांत काय चालू शकेल आणि काय नाही याबद्दल एक ओळ नव्हती. सोसायटीच्या सभेत विषय काढला, तर निम्मी मतं गाळेवाल्यांची. पाइप हलवायला दोन वर्षं लागली. सेव-उसळ मला अजून आवडते, पण लसणाची चटणी बाजूला ठेवून खातो.

तेव्हा बानाखताचा मसुदा मागा, टोकन द्यायच्या आधी. "साहेब, तो नंतर मिळेल," असं म्हणाले तर तुम्हीही टोकन नंतर द्या. मसुद्यात खालच्या तीन मजल्यांबद्दल काय लिहिलंय ते शोधा. स्वयंपाक करून विकणारा धंदा चालेल का, चालत असेल तर धुराडं कुठून जाणार, त्यासाठी आराखड्यात वेगळी शाफ्ट दाखवली आहे का? दुकानांची वेळ? पाट्या आणि दिवे कुठल्या उंचीपर्यंत? चौथ्या मजल्याच्या गॅलरीसमोर रात्रभर लुकलुकणारी पाटी आली तर पडदा लावून राहावं लागतं. दवाखाने आहेत म्हणता, तर दवाखान्याचा कचरा कुठून बाहेर जाणार? दुकानाच्या गिऱ्हाइकांची आणि घरच्या माणसांची लिफ्ट एकच की वेगळी? जिने? जिन्याबद्दल मी हट्टाने विचारेन. २४ मे २०१९ ला सुरतेत तक्षशिला आर्केडला आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली २२ मुलं गेली. तेव्हापासून व्यापारी मजले असलेली कुठलीही इमारत पाहताना माझी नजर आधी जिना शोधते. घरांचा जिना दुकानांच्या मजल्यांतून न जाता सरळ रस्त्यावर उतरतो का, हे आराखड्यावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

आराखडा बिल्डरकडूनच घ्यायला हवा असं नाही. गुजरात रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी ठेवणारं सरकारी प्राधिकरण, त्याच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घातला की मंजूर आराखडे, किती फ्लॅट, किती दुकानं, किती विकली गेली, काम कुठवर आलंय, हे सगळं दिसतं. मुलाला फोनवर रोज तेच सांगण्याऐवजी हे बघायला सांगा, त्याच्या हाताला कामही मिळेल.

तिथे एक गोष्ट लक्षात ठेवून बघा. २०१६ च्या रेरा कायद्यात 'अपार्टमेंट' या शब्दात दुकान, शोरूम, ऑफिस सगळं येतं. म्हणजे गाळेवालेही तुमच्याइतकेच सभासद. मंजूर आराखड्यात बिल्डरला नंतर मोठा बदल करायचा असेल तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते, आणि इथे कायदा शहाणा आहे: एकाने किंवा त्याच्या घरच्यांनी कितीही गाळे घेतले तरी त्या हिशेबात तो एकच धरला जातो. पण ताबा मिळाल्यावर सोसायटी चालवताना मतं कशी मोजायची, हे सोसायटीच्या नियमांवर असतं. माझं घोडं तिथेच पेंड खात होतं. म्हणून विचारा, सर्व्हिस सोसायटी एक होणार की घरांची वेगळी, दुकानांची वेगळी? मेंटेनन्सचं डिपॉझिट वेगळं धरणार का? सामाईक दिवे, पंप, लिफ्ट यांचे वीजमीटर वेगळे का? दोन सोसायट्या आणि दोन मीटर असतील तर त्या इमारतीला माझ्याकडून निम्मे गुण तिथेच.

आता तळघर. तुम्ही त्याबद्दल लिहिलंच नाहीत, पण मुलाने नक्की विचारलं असेल की पार्किंग कसं आहे, आणि त्याला 'दोन बेसमेंट' हे उत्तर मिळालं असेल.

अकोटा म्हणजे पूर्वीचं अंकोट्टक. नदीच्या त्या काठावरचं मूळ गाव तेच, इ.स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात आपलं बडोदं वटपद्रक या नावाने येतं ते अंकोट्टकाच्या ८४ गावांपैकी एक म्हणून. पुढे विश्वामित्रीच्या पुरांना कंटाळून लोक पूर्वेकडे सरकले आणि वटपद्रक मोठं झालं, असं म्हणतात. अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आपल्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये आहेत, पाहिल्या असतीलच. ताई, तुम्ही हजार-बाराशे वर्षांनी त्याच वाटेने उलट निघाला आहात, तेव्हा नदीला एकदा विचारून जा.

थट्टा बाजूला. २०२४ च्या गोकुळाष्टमीला सुरू झालेला पाऊस तुम्ही विसरला नसाल. काळ्या घोड्याजवळ विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट, आणि पाणी ३५ च्या वर गेलं. त्याआधी ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीसेक इंच. मगरी रस्त्यावर आल्या, त्यांचे व्हिडिओ जगभर गेले. तळघरांत बुडालेल्या गाड्यांचे मात्र फक्त विम्याच्या कार्यालयात गेले. दोन बेसमेंटच्या इमारतीत गाडी बुडणं ही लहान गोष्ट. मोठी गोष्ट ही की विजेचा मुख्य पॅनेल, जनरेटर आणि पाण्याचा पंप बहुतेक ठिकाणी खालीच बसवलेले असतात. ते बुडाले की लिफ्ट बंद, नळ बंद, आणि ८७ वर्षांच्या बाई, समजा, नवव्या मजल्यावर. तुमच्या उभ्या जिन्याचं दुखणं बरं करायला गेलात आणि नऊ जिने पदरात पडले, असं होईल.

हे सगळं पुरात वर राहील अशा जागी आहे का, हा प्रश्न बिल्डरला लेखी विचारा. आणि प्लॉटच्या आजूबाजूच्या पानवाल्याला, इस्त्रीवाल्याला तोंडी विचारा की २०२४ ला पाणी कुठवर होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. बिल्डरच्या सल्लागाराच्या अहवालापेक्षा माझा त्या हातावर जास्त विश्वास आहे. तळघराच्या तोंडाशी उतार रस्त्यापेक्षा किती वर उचललाय तेही पाहा. अलकापुरीच्या गरनाळ्यातून, म्हणजे रुळांखालच्या रस्त्यातून, पावसाळ्यात कधी गेला असाल तर उताराचं महत्त्व मी सांगायला नको.

पार्किंगचं आणखी एक. उघड्यावरचं पार्किंग आणि सामाईक तळघर कायद्याने सगळ्यांच्या मालकीचं, बिल्डरला ते कुणा एकाला विकता येत नाही. तुमच्या जागेचा नंबर दस्तात लिहून घ्या आणि दुकानांच्या गिऱ्हाइकांसाठी वेगळा रॅम्प आहे का ते बघा. नाहीतर नवरात्रात संध्याकाळी सातनंतर स्वतःच्याच इमारतीत गाडी लावायला जागा शोधत फिराल.

आकडे आता भरभर सांगतो. १६५० फूट हा 'सुपर बिल्टअप' आकडा, म्हणजे जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून. कायद्याने विक्री कार्पेटवर. कार्पेट म्हणजे आतल्या भिंतींसकट वापरता येणारी जागा. बाहेरच्या भिंती, शाफ्ट आणि गॅलरी त्यात धरत नाहीत. बडोद्यात १६५० च्या नावाखाली ९००-९५० कार्पेट निघालं तर दचकू नका, पण तुमच्या आताच्या घराशी तुलना करायची ती या आकड्याची करा. ८२ लाखांवर, इमारत अपुरी असताना घेतलीत तर, ५ टक्के जीएसटी म्हणजे ४ लाख १० हजार; पूर्ण होऊन वापर परवानगी, म्हणजे आपण ज्याला बीयू म्हणतो ती मिळाल्यावर घेतलीत तर शून्य. मुद्रांक शुल्क ४.९ टक्के, म्हणजे चार लाखांच्या वर थोडं. नोंदणी फी १ टक्का, पण दस्त नुसत्या तुमच्या नावावर केलात तर गुजरातेत ती माफ आहे, ८२ हजार वाचले. 'ह्यांना' वाईट वाटेल, वाटू द्या. ५० लाखांवरच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस तुम्ही कापून सरकारात भरायचा असतो. तो बिल्डरच्या पैशातून जातो, तुमच्या खिशातून नाही, पण विसरलात तर नोटीस मात्र तुम्हाला येते.

एक लाख टोकनला कायद्याची हरकत नाही. नोंदणी केलेलं बानाखत झाल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त, म्हणजे तुमच्या बाबतीत ८ लाख २० हजारांपेक्षा जास्त, बिल्डर घेऊ शकत नाही. पण "दसऱ्याच्या आत" याला काही अर्थ नाही. दिवाळीच्या आधी भाव वाढणार असतो, दिवाळीनंतर स्कीम येते. तीस वर्षं हेच पाहिलं.

बुलेट ट्रेनबद्दल दलाल खोटं बोलत नाही. मुंबई-अहमदाबादच्या ५०८ किलोमीटरच्या मार्गावरच्या बारा स्थानकांत बडोदा आहे आणि ते आपल्या स्टेशनलाच लागून होतंय. प्रश्न एवढाच की तुम्ही आणि तुमच्या सासूबाई बुलेट ट्रेनने कुठे जाणार? ज्याला विकून पैसा करायचाय त्याच्यासाठी स्टेशन. तुम्हाला राहायचंय. स्टेशनच्या नावाने फुटामागे जास्त मागत असतील तर ते तुम्ही देऊ नका.

जुन्या घराविषयी तुम्ही एकच शब्द लिहिलात, 'सामाईक'. मला तो सगळ्यात जड वाटला. नव्या घराचे पैसे जुन्या घराचा हिस्सा विकून येणार असतील तर आधी ती बाजू साफ करा. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर सासऱ्यांचंच नाव आहे की वारसांची चढली? पेढीनामा, म्हणजे वारसांची वंशावळ, झालाय का? नणंदा असतील तर त्यांचाही हक्क आहे, आणि त्यांना शेवटी सही करायला बोलावण्यापेक्षा आधी जेवायला बोलावणं बरं. शिवाय जुन्या शहराच्या बऱ्याच भागाला अशांत धारा, म्हणजे अशांत ठरवलेल्या भागांतल्या मालमत्तेच्या विक्रीचा कायदा, लागू आहे. तुमची गल्ली त्यात असेल तर विक्रीच्या आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि त्यात वेळ जातो. विक्रीतून झालेला दीर्घकालीन नफा नव्या घरात घातला तर आयकरात सूट मिळते, पण बांधून होणाऱ्या घराला तीन वर्षांची मुदत असते. ताबा अडीच वर्षांनी म्हणतात. अडीच आणि तीन यांच्यामध्ये सहा महिने आहेत, आणि सहा महिने उशीर न झालेली इमारत मी माझ्या फायलींत क्वचित पाहिली. विकायच्या आधी सीएकडे एक तास बसा.

माझा सल्ला विचाराल तर टोकन देऊच नका, यंदा तरी. त्याच पट्ट्यात, पूल उतरून अलकापुरीपर्यंत, खाली दुकानं असलेल्या तयार इमारती आहेत. त्यांतला एखादा दोन खोल्यांचा फ्लॅट अकरा महिने भाड्याने घ्या. दांडिया बाजारचं कुलूप राहू द्या, दीर आहेतच. एक पावसाळा आणि एक नवरात्र तिथे काढा. या दोन परीक्षांत पास झालेली इमारत बाकी कशातही नापास होत नाही. भाड्यात दोन-अडीच लाख जातील. जीएसटीच्या निम्म्याच्याच आसपास. तोवर तो टॉवर वर येईल, खालची दुकानं कुणाला गेली ते दिसेल, आणि बीयू मिळालेल्या इमारतीत कुणीतरी गुंतवणूकदार आपला फ्लॅट विकत असेलच. कदाचित भाव थोडा चढलेला असेल. चढू द्या, जीएसटी वाचलेला असेल.

आणि मुलाचं म्हणणं मी उडवून लावत नाहीये, हे त्याला सांगा. तो जिन्याबद्दल खरं बोलतोय. मोरी खाली आणि झोपायचं वर हे या वयात चालणार नाही, अगदी एक पावसाळासुद्धा. म्हणून भाड्याचं घर बघायला या आठवड्यातच लागा.

सासूबाईंना आताच सांगा. ठरल्यावर सांगितलेली गोष्ट ही नुसती सूचना असते, आणि त्या घराच्या त्या मालकीण आहेत, कागदावरही असतील. तुम्ही लिहिलं नाहीत, पण दुपारी चारला त्या ओट्यावर बसत असणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'कसं काय' विचारत असणार. दांडिया बाजारातल्या त्यांच्या वयाच्या सगळ्याच बसतात. त्यांना बिल्डरच्या ऑफिसात, एसीत, मॉडेलसमोर नेऊ नका. एखाद्या शनिवारी संध्याकाळी सातला रिक्षाने तयार झालेल्या इमारतीखाली न्या, आणि घडीची खुर्ची बरोबर घ्या. दुकानांसमोर खुर्ची टाकून अर्धा तास बसवा. कुणी "काकी, जरा बाजूला," म्हणून उठवलं, की कुणी चहा आणून दिला, हे लिहून ठेवा आणि मला कळवा.

बानाखताचा मसुदा मिळाला तर त्याची एक प्रत मलाही पाठवा. गुजरातीत असला तरी चालेल.